काचेवरचे अक्षर

निवृत्त झालो त्या महिन्यातली गोष्ट. उपनगरातल्या एका साहित्य मंडळाने भाषणासाठी बोलावले होते आणि परिचयाच्या चार ओळी लिहून मागितल्या होत्या. मुलीने नुकताच हातात ठेवलेला, तळहातात न मावणारा नवा फोन मी काढला, त्याच्या पोटातून सळईसारखे पेन ओढले आणि काचेवर ऐटीत लिहिले, ‘माजी बँक अधिकारी’. फोनने क्षणभर विचार केला आणि छापील अक्षरांत उत्तर दिले, ‘भाजी बँक अधिकारी’. घरात हशा पिकला. आमच्या सौ. म्हणाल्या, “बरोबर वाचलंय त्यानं. उद्यापासून मंडईत तुम्हीच जायचं आहे.”

हा प्रसंग एप्रिल २०१९ मधला. तो फोन अजून माझ्यापाशी आहे. सहा वर्षांहून अधिक काळ एकच फोन सांभाळणारा माणूस हल्ली चेष्टेचा विषय होतो, हे मला ठाऊक आहे. नव्या फोनचे गुणदोष सांगणारे तरुण पहिल्या आठवड्यातच सगळे सांगून मोकळे होतात. पण संसाराचे गुणदोष कुणी साखरपुड्याच्या दिवशी सांगत नाही. ते कळायला पाचसहा पावसाळे एका छपराखाली काढावे लागतात. तसे ते मी या फोनबरोबर काढले आहेत. त्याच्या कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. माझे म्हणणे कुणा एका कंपनीविषयी नाही, एका रीतीविषयी आहे, आणि ती रीत या धंद्यात सर्रास चालते.

मी बँकेत लागलो १९८१ साली. पुढे पासिंग ऑफिसर झालो आणि दुसऱ्यांची अक्षरे तपासणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग झाला. लाकडी पेटीतून नमुना सहीचे कार्ड काढायचे, चेकवरची सही त्याच्या शेजारी धरायची, वळणे जुळली की आपली आद्याक्षरे करायची. एक निवृत्त शिक्षक दर एक तारखेला पेन्शन काढायला येत. हाताला कंप सुटलेला. त्यांची सही महिन्यागणिक सुटत चालली होती आणि कार्डावरची मात्र जशीच्या तशी ताठ उभी होती. नियमाप्रमाणे ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून चेक परत करायला हवा होता. मी त्यांना आत बोलावून नवे कार्ड भरून घेत असे. चार वर्षांत तीन कार्डे झाली. एका माणसाचे म्हातारपण मी त्या तीन कार्डांवर पाहिले.

पुढे संगणक आले. कार्डांच्या पेट्या गेल्या, सह्या पडद्यावर दिसू लागल्या. २०१३ पासून मुंबईत चेक वटवण्यासाठी खुद्द चेकाने प्रवास करायचेही कारण उरले नाही, त्याचे चित्र गेले की झाले. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अख्खा दिवस पेनाचे टोपण न उघडता जाई. इकडे घरी मी कादंबऱ्या लिहीत होतो, त्याही बँकेने टाकून दिलेल्या, कडेला भोके असलेल्या लांबलचक छापील कागदांच्या पाठीवर. निवृत्तीनंतर हे कागदही संपणार आणि हातातले वळणही जाणार, अशी मला धास्ती होती. म्हणून पेनवाला फोन हातात आला तेव्हा मला खरोखरच बरे वाटले.

अशा फोनांची हकिगत मजेशीर आहे. काचेवर लेखणीने लिहिण्याची कल्पना नवी नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ आणि एक संगणक कंपनी यांनी मिळून ‘सिंप्युटर’ नावाचा हातात मावणारा स्वस्त संगणक घडवला होता. त्यालाही लेखणी होती. २००४ मध्ये तो बाजारात आला, पण चालला नाही. २००७ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन जगाला दाखवला तेव्हा लेखणी हवी कुणाला, असा सवाल करून त्यांनी ती मोडीतच काढली. बोट हीच उत्तम लेखणी, असे त्यांचे म्हणणे. मग २०११ मध्ये सॅमसंगने बर्लिनच्या प्रदर्शनात ‘गॅलेक्सी नोट’ मांडला, ५.३ इंचांच्या पडद्याचा आणि पोटात पेन असलेला. लोक हसले. कानाला पाट लावल्यासारखे दिसते म्हणाले. आज त्याहून लहान फोन हवा असेल तर बाजार पालथा घालावा लागतो. आणि खुद्द ॲपलनेही २०१५ मध्ये आपल्या मोठ्या आयपॅडसाठी पेन्सिल काढलीच. ‘नोट’ या नावाचे फोन २०२० नंतर निघाले नाहीत, पण पेन राहिले. ते दुसऱ्या नावाच्या फोनांत गेले, इतर कंपन्यांनीही आपापले पेनवाले फोन काढले.

या पेनात शाई नसते. माझ्या फोनासारख्या अनेक फोनांत तर नुसत्या लिहिण्यासाठी पेनाला वेगळी वीजही लागत नाही. काचेखाली बारीक तारांचे जाळे असते, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि पेनातले चिमुकले वेटोळे तिथूनच आपली ऊर्जा उचलते. बोरू दौतीत बुडवावा, तसे हे पेन काचेत न बुडता भरून घेते. हात जड पडला की रेघ जाड होते, हलका पडला की बारीक.

आता अनुभव. चांगल्याचे आधी सांगतो. डोळे पिकल्यावर मोठ्या पडद्याची किंमत कळते. पेपर, दिवाळी अंकांची प्रुफे, नातवाचे फोटो, सगळे चष्मा कपाळावर न चढवता दिसते. रात्री दोन वाजता सुचलेले वाक्य दिवा न लावता काळ्या पडद्यावर टिपून ठेवता येते, शेजारच्या माणसाची झोप मोडत नाही. विजेच्या बिलाच्या फोटोवर ‘भरले’ असे लिहून तारीख टाकता येते. बँकवाल्याला यात जे सुख आहे ते इतरांना कळायचे नाही.

आता उणे. हा फोन सदऱ्याच्या खिशात ठेवून वाकले की तो पायाशी येतो. सांताक्रूझहून आठ-अठ्ठावन्नच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने तो चालवता येत नाही. कागद पेनाला थोडा धरून ठेवतो, काच धरत नाही. अक्षर घसरते. पहिल्या वर्षी माझे अक्षर लिपी नव्याने शिकणाऱ्या मुलासारखे आले. मग एक गंमत लक्षात आली. घाईत लिहिताना मी शिरोरेघ गाळू लागलो होतो आणि पेन न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात शिरू लागलो होतो. आपल्या मोडीचेही तसेच. तिथे कारकून आधी पानभर रेघ ओढून घेई आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली भराभर अक्षरे लावत जाई. हत्यार बदलले की अक्षर बदलते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

या फोनवर मी इतका विश्वास का टाकला, ते सांगायला वीस वर्षे मागे जावे लागेल. २६ जुलै २००५. मी फोर्टच्या शाखेत होतो. तिकडे पाऊस रोजच्यासारखा होता. कुलाब्याला त्या दिवसाची नोंद ७३ मिलिमीटरच्या आसपास आहे. आमच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत त्याच चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आम्ही तेव्हा वाकोल्यात नाल्याच्या बाजूला तळमजल्यावर राहत होतो. मिठीला भरती, नाल्याला तुंब. रात्रभर चालत मी सकाळी घरी पोचलो तेव्हा सौ. आणि मुलगी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सुखरूप होत्या. घरात कमरेइतके पाणी आणि पाण्यात माझ्या दोन ट्रंका. त्यांत पंचवीस वर्षांच्या वह्या. पुढचे आठ दिवस आम्ही दोऱ्या बांधून पाने वाळवत होतो. बॉलपेनने लिहिलेले बरेचसे वाचले. शाईच्या पेनाने लिहिलेले, म्हणजे मी जे जपून, जीव लावून लिहिले होते तेच, निळ्या डागांखेरीज काही उरले नाही. एक अख्खी कादंबरी गेली. ती मी पुन्हा लिहिली नाही.

म्हणून २०१९ मध्ये हा फोन आला तेव्हा मला वाटले, आता पाण्याची भीती नाही. इथे लिहिले ते राहिले.

त्याच वर्षी पावसाळ्यात दादाचा आवाज बसला.

दादा माझा थोरला भाऊ, सात वर्षांनी मोठा. गिरगावातल्या एका छापखान्यात तो कंपॉझिटर होता. केसमधले खिळे एकेक उचलायचे, स्टिकमध्ये उलटे जुळवायचे, असे त्याने पंचवीस वर्षे उभ्याने केले. कितीही गिचमिड अक्षर असो, दादाला ते लागत असे. काही नामवंत लेखकांचे लिखाण फक्त दादाकडेच द्यायचे, असा तिथला शिरस्ता होता. पुढे जुळणी संगणकावर गेली, खिळे भंगारात वजनावर विकले गेले, छापखाना बंद झाला आणि दादा संगमेश्वराकडच्या घरी जाऊन राहिला. त्याचा बसलेला आवाज औषधाने उठेना, तेव्हा मुंबईला आणला. स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, स्वरयंत्र काढावे लागले. पुढच्या किरणोपचारांसाठी तो वाकोल्याला आमच्याकडे आला. ते संपतात न संपतात तोच २०२० चा मार्च उजाडला आणि टाळेबंदी लागली.

बोलण्यासाठी आधी आम्ही त्याला शाळकरी पाटी दिली होती. पण गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेणाऱ्या माणसाला खडूची भुकटी सोसेना. मग मी त्याला माझा फोन दिला. पेन त्याने बोटांत फिरवून पाहिले आणि पहिले वाक्य लिहिले. फोनने आपल्या सवयीप्रमाणे त्याची छापील अक्षरे करून टाकली, त्यातली दोन चुकीची. दादाने लगेच खाली लिहिले, ‘याचे प्रूफ कोण तपासतो?’ मी ती सोय बंद करू का, असे विचारले. त्याने लिहिले, ‘कर. माझे कुणी जुळवायला नको. अक्षर राहू दे.’

जन्मभर दुसऱ्यांच्या अक्षरांचे खिळे करणारा माणूस हे लिहीत होता. मी सोय बंद केली. या एका बटणाचे पुढे काय होणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

त्यानंतर जवळजवळ चौदा महिने दादा त्या फोनवर बोलला. बोलला असेच म्हणतो. सकाळी चहा मागण्यापासून रात्री दिवा मालवायला सांगेपर्यंत. मी साध्या बटणांच्या फोनवर भागवले. माझी अक्षरे तो अजूनही तपासत असे. मी काही लिहून दाखवले की खाली शेरा येई, ‘शिरोरेघ दे. पावसात बिनछत्रीचे उभे केलेस सगळ्यांना.’ आमचे घर विमानांच्या वाटेखाली. वाकोल्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की विमान डोक्यावर आले की बोलता बोलता थांबायचे आणि ते गेले की अर्धे राहिलेले वाक्य उचलायचे. एकदा असेच आम्ही सगळे गप्प झालो, तर दादाने लिहून फोन वर धरला, ‘तुम्ही थांबा. माझे चालू आहे.’

जानेवारी २०२१ मध्ये दादा गेला. फोन माझ्याकडे परत आला. त्यात त्याची ४१२ पाने होती.

ती पाने मी पुष्कळ दिवस उघडली नाहीत. उघडली तेव्हा लक्षात आले की हे संभाषण अर्धेच आहे. आम्ही तोंडाने बोललो ते वाऱ्यावर गेले, त्याने लिहिले तेवढे राहिले. ‘हो. पण मीठ कमी.’ ‘चौऱ्याहत्तर. त्र्याहत्तरला तो गावाला होता.’ ‘पंखा बारीक करा.’ ‘तिला सांगू नका.’ कुणाला, काय? सौ.ना आठवत नाही, मला आठवत नाही. प्रत्येक पानावर फोनने तारीख टाकलेली आहे, त्यावरून प्रश्न शोधावा लागतो. २५ मे २०२० च्या पानावर दोनच शब्द आहेत, ‘आली बघ.’ कोण आली ते कळायला वेळ लागला. दोन महिने बंद असलेली देशांतर्गत विमाने त्या दिवशी पुन्हा सुरू झाली होती.

आता फोनकडे येतो. कंपनीने त्याच्या अंतरंगात सुधारणा पाठवणे काही वर्षांनी थांबवले. त्याने फोन बंद पडत नाही, पण बाहेरचे जग त्याच्याशी व्यवहार तोडू लागते. आधी पैसे पाठवण्याची सोय गेली. सुरक्षेचे कारण, आणि बँकवाला म्हणून ते मला पटलेही. जुन्या कुलपावर तिजोरी कुणी ठेवू नये. २०२४ च्या पावसाळ्यात मागची काच एका कडेने उचललेली दिसली. आतली बॅटरी फुगली होती. फुगलेली बॅटरी ही चेष्टा नव्हे. २०१६ साली एका नामांकित मालिकेतल्या फोनांनी बॅटरीच्या दोषामुळे पेट घेतला, तो फोन जगभरातून परत मागवावा लागला आणि आपल्याकडे विमानात तो वापरायला बंदी झाली, हे अनेकांना आठवत असेल.

अधिकृत दुरुस्ती केंद्रात गेलो. थंड हवा, गोड बोलणे. “सर, हे मॉडेल बंद झालं. याची बॅटरी येत नाही. तुम्ही नवा घ्या, यावर थोडी सूट देऊ.” मी म्हटले, आतल्या पानांचे काय? तो म्हणाला, “डेटाची जबाबदारी आमची नाही. फोन उघडायचा तर सगळं जाऊ शकतं, तशी संमती द्यावी लागेल.” आणि त्याने माझ्यापुढे एक काच सरकवली. “इथे बोटाने सही करा सर.” बोटाने केलेली ती सही माझ्या टेबलावर कुणी आणली असती, तर मी ती कधीही पास केली नसती. मी सही न करता फोन उचलून घरी आलो.

फोन वाचवला तो वाकोल्यातल्याच एका टपरीवजा दुकानातल्या मुलाने. त्याने तो आधी माझ्याकडून बंद करवून घेतला, पाठ हलकेच तापवली, पत्त्याइतक्या पातळ पट्टीने सोडवली आणि श्वास धरून फुगलेली बॅटरी काढली. दुसऱ्या एका फुटक्या फोनमधली चांगली बॅटरी बसवली. पेनाचे झिजलेले टोकही बदलून दिले. “काका, वर्षभर धरा. पण आतलं काढून घ्या.”

काढून घेणे, तेच अवघड निघाले. ज्यांची छापील अक्षरे झाली होती ती माझी टिपणे सहज बाहेर आली. दादाची पाने अक्षर म्हणून राहिली होती आणि ती साठवण्याची पद्धत कंपनीची स्वतःची. दुसऱ्या कंपनीच्या नव्या फोनने ती उघडायलाच नकार दिला. शेवटी मुलीने दोन रविवार बसून पानापानाची चित्रे करून बाहेर काढली. पाने आली, पण चित्रे होऊन आली. फोनात दादाने लिहिताना हात कुठे थांबला, आधी कोणती रेघ ओढली, हे पुन्हा चालवून पाहता येई. ते चित्रात येत नाही. उद्या फोन गेला की ते गेले.

कुणी म्हणेल, काका, पैसे दिलेत फोनचे, वापरला चांगला सहा वर्षे, आता कसली तक्रार? वस्तू झिजते, मोडते. मान्य. पेन मोडते, पण पेन मोडले म्हणून त्याने लिहिलेली पत्रे कुणी घेऊन जात नाही. माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. समजा बँकेने कळवले की तुमच्या लॉकरची किल्ली आता बनत नाही, दागिने आत राहू द्या, नवा लॉकर घ्या, थोडी सूट देऊ. त्या शाखेच्या काचा शिल्लक राहतील का? मग फोनच्या बाबतीत आपण एवढे गरीब का होतो? आत दागिने नसतात म्हणून? माझ्या आईचा आवाज, तुमच्या मुलीचे पहिले पाऊल, दादाची ४१२ पाने, यांना सोनार मोल करत नाही, म्हणून?

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. फोनात पाणी शिरू नये म्हणून तो चिकटवून बंद करावा लागतो, आणि बॅटरी कुणीही उघडावी अशी चीज नाही. दोन्ही खरे आहे. पण बॅटरी धोक्याची आहे, म्हणूनच ती वेळेवर, रीतसर आणि वाजवी दरात बदलून मिळाली पाहिजे. ती मिळत नाही तेव्हा लोक टपरीवर जातात, किंवा फुगलेला फोन उशाशी घेऊन झोपतात.

जगात हे बदलू लागले आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू झाला. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे सुधारणा पुरवाव्या लागतात, सुटे भाग सात वर्षे ठेवावे लागतात आणि ८०० वेळा भरल्यानंतरही बॅटरीत ८० टक्के ताकद उरावी लागते. काही मोठ्या कंपन्यांनी २०२३-२४ पासून आपल्या महागड्या फोनांना सात वर्षे सुधारणा देण्याचे जाहीर केले आहे. म्हणजे हे करता येते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. वस्तू दुरुस्तीला किती सोपी, हे खरेदीच्या वेळीच कळावे म्हणून दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक सुचवणाऱ्या समितीचा अहवालही २०२५ मध्ये आला. दिशा बरोबर आहे. पण समितीचा अहवाल म्हणजे पुढच्या तारखेचा चेक. तो हातात असून चालत नाही, वटावा लागतो.

माझ्या मागण्या तीनच आहेत. औषधाच्या बाटलीवर असते तशी, हा फोन कोणत्या वर्षापर्यंत सांभाळला जाईल याची तारीख खोक्यावर ठळक छापा. बॅटरी आणि नेहमी मोडणारे भाग निदान सात वर्षे विकत मिळू द्या, अधिकृत केंद्रालाही आणि टपरीवरच्या त्या मुलालाही. आणि तिसरी, जिच्याविषयी कुणी फारसे बोलत नाही. माणसाने हाताने लिहिलेले जे असेल ते कुठल्याही दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे उघडेल, अशा रूपात त्याला बाहेर काढता आले पाहिजे. खातेदाराला पासबुक मागण्याचा हक्क असतो. इथेही तो हवा.

थोडा दोष आपलाही आहे. आपण कपाट उघडून पाहत नाही. तुमच्याही घरी एखाद्या खणात, जुन्या चाव्या आणि संपलेल्या सेलांच्या शेजारी, दोनतीन बंद फोन पडले असतील. पाठ फुगलेली दिसली तर चार्जरला लावू नका, दाबू नका, जाणत्याकडे न्या. धड असतील तर आज दुपारी जेवणानंतर एकेक चालू करून बघा. जे निघेल ते दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातले जे फार जवळचे असेल ते कागदावरही काढा.

मी काढले. दत्त मंदिर रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ४१२ पाने छापून घेतली. दुकानातला मुलगा पाने जुळवता जुळवता वाचत होता. म्हणाला, “अक्षर काय मस्त आहे हो काका. पण यात नुसती उत्तरंच दिसतात.” मी म्हटले, प्रश्न आमच्याकडे आहेत. आता संध्याकाळी दिवेलागणीनंतर सौ. आणि मी समोरासमोर बसतो. ती एक पान वाचते, दोघे मिळून आठवतो, आणि आठवला तर प्रश्न मी समासात लिहितो. बॉलपेनने. शिरोरेघ देऊन. ऐंशीएक पानांचे प्रश्न लागले आहेत. ‘तिला सांगू नका’ अजून लागत नाही.